वक्तशीर राग

गेल्या वर्षी मी माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या थोबाडीत मारली. सोसायटीच्या गेटवर, शेजाऱ्यांसमोर. ती क्लासवरून दोन तास उशिरा आली होती, फोन बंद होता. स्कूटी पंक्चर झाली होती, हे मी नंतर ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती वैजापूरला मामाकडे गेली आणि तिथूनच एसटीनं कॉलेजला ये-जा करू लागली.

बायको म्हणाली, "तिला आणायला मी जाणार नाय. आधी तुम्ही कुणाला तरी दाखवून घ्या."

म्हणून मी समुपदेशक मॅडमकडे जाऊ लागलो. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी एक कागद दिला. राग आला की थांबायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं, शरीरात कुठं काय होतंय ते बघायचं आणि वेळ टाकून तेवढंच लिहायचं. रोज.

मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथले तपासणीचे तक्ते तासातासाला भरायचे असतात; आम्ही ते शिफ्ट सुटताना एका दमात भरतो. हा कागदही मी तसाच भरला, आठवड्याचा एकदम, शनिवारी सकाळी मॅडमकडे जायच्या आधी, चहा पिता पिता.

मॅडमनी तो वाचला. "काका, रोज साडेसातलाच? तुमचा राग लई वक्तशीर आहे."

मी खाली बघत खरं सांगितलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "त्या संध्याकाळचं सांगा. मारलं त्याच्या आधीचं. गेटवर उभे होतात तेव्हाचं."

"राग आला होता."

"कुठं जाणवत होता?"

मी मागचं आठवू लागलो. बढती हुकली, आई आजारी पडली, वडील गेले, दर वेळी मला रागच आला होता. दुसरं काही येतं हे मी कधी तपासलंच नव्हतं. डोळे मिटून श्वास घेत बसलो, तेव्हा हळूहळू आठवलं. हात गार पडले होते. रस्त्यावरून अँब्युलन्स गेली तेव्हा मी गेटची सळई घट्ट धरली होती.

"याला काय म्हणाल?"

"भीती," मी म्हणालो. नाव सापडलं म्हणून मारलेलं पुसलं जात नाही, हेही तिथंच बसल्या बसल्या कळलं.

रविवारी वैजापूरला गेलो. मुलगी मामाच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मम्मीनं पाठवलं का?"

"नाय. माझा मी आलो."

छाती धडधडत होती. श्वासाकडे लक्ष दिलं, धडधड कमी झाल्यावर बोललो.

"त्या दिवशी तुझं काही चुकलं नव्हतं. तुला काही झालं असेल म्हणून मी घाबरलो होतो. ते बोलता आलं नाही आणि हात उचलला, तोही लोकांसमोर. घाबरलो होतो म्हणून ते बरोबर ठरत नाही. परत कधी हात उचलणार नाही. घरी चल म्हणायला आलो नाही, बाळा. माफी मागायला आलोय. मला माफ कर."