वैनगंगेत सोडलेला लाल साबुदाणा

आरमोरीच्या घाटावरून डोंगी (खोड कोरून केलेली होडी) सुटली, तेव्हा निरोप द्यायला कोणीच नव्हतं. एकट्या माणसाला त्याची सवय होते, असं मी चारचौघांत सांगतो. सांगायला काय जातं!

पुरात रोहू-कटला अंडी घालतात आणि ती वाहत जातात. कुठवर, ते कळावं म्हणून मी त्या अंड्यांसारखा दिसणारा साबुदाणा अर्धवट शिजवून, लाल रंगवून चार दिवस रोज सकाळी नदीत ओतला होता. आठ कोस खाली भागरताबाई नावाच्या ढिवर (मासेमार) बाईंनी जाळं लावलं होतं. 'जाळ्यात वेगळं काही आलं तर ठेवा,' असा मी कोतवालाकडून निरोप धाडला होता. दाणे पोचले, तर तिथे मत्स्यबीज धरून गावचा रिकामा तलाव माशांनी भरता येणार होता. पण दोनदा उलट निरोप आला, काही नाही. मत्स्य खात्यातल्या माझ्या साहेबांनी तर बजावलंच होतं की या खेपेला जमलं नाही, तर गाशा गुंडाळा.

म्हणून पाचव्या सकाळी शेवटचे दाणे ओतले आणि त्यांच्या मागोमाग निघालो. दोन्ही काठांना सागवान, मधे गढूळ पाणी. डोंगीत पाणी शिरून शिदोरीची भाकर भिजली, ती तशीच खाल्ली.

दुपार कलताना गाव आलं. साठीच्या भागरताबाई कमरेइतक्या पाण्यात जाळं उचलत होत्या. मी वाकून पाहिलं. जाळ्यात पाच-सहा लाल दाणे होते! मी हात पुढे करतो तोवर बाईंनी ते ओंजळीत घेतले, कपाळाला लावले आणि नदीत सोडून दिले.

"बाई, अहो, हे काय केलंत?"

"वरून कोनं तरी गंगामायले वाहिलं हाय ना साहेब. दुसऱ्याचं वाहिलेलं आपून ठेवाचं नसते."

"रोज येतात?"

"चार दिस झाले, रोज येते."

चूक माझीच, लाल दाण्यांविषयी मी एक अक्षर कळवलं नव्हतं. ते माझेच, असं सांगितलं तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"कोनासाठी वाहिलं होतं, भाऊ?"

माझं असं कोणी नाही, एवढंच म्हणालो.

"मंग बरं झालं. ज्यानं वाहिलं त्याले सुखी ठेव माय, असं मी रोज म्हनत होती."

त्यांनी झिंग्यांचं (बारीक कोळंबीचं) कालवण आणि गरम भात वाढला.

परतीच्या गाडीत अहवाल लिहिला: दाणे पोचले, तलावाचं काम सुरू करावं. गावाचं भलं झालं. पण खरं सांगू? चार दिवस कोणीतरी रोज माझ्यासाठी हात जोडत होतं, आणि मी आठ कोस वर बसून म्हणत होतो, काहीच पोचत नाही.