कोठे सोडू तुमले?

सुरतेत अशी एकही पांढरी गाडी नसेल, जिच्यात माझे दाजी एकदा तरी जाऊन बसले नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते बसले त्यांतल्या बहुतेक गाड्या दुसऱ्यांच्या होत्या, आणि शेवटची गाडीही दुसऱ्याचीच निघाली. त्यांची स्वतःची गाडी रिंग रोडवरच्या कापड मार्केटच्या पार्किंगमध्ये कुलूपबंद उभी होती. त्यांना मात्र कोणीतरी वेगळ्याच पांढऱ्या गाडीतून दवाखान्यात आणलं, स्ट्रेचरवर ठेवलं आणि नाव न सांगता तो माणूस निघून गेला. फोन आला म्हणून आम्ही धावलो, तोवर सगळं संपलं होतं. दाजींच्या पायांत चपलाही नव्हत्या. त्या दिवसापासून ताई रडली कमी आणि विचारत जास्त राहिली. "जवळ कोणी होतं का रे? काही बोलले का? का एकटेच गेले?" आयुष्यभर मी शाळेत मुलांना प्रश्न विचारले, आता ताई मला विचारत होती.

या साऱ्याच्या मुळाशी एक किल्ली होती. दाजींची गाडी जुनी, तीन घरं फिरून आलेली. रिमोटचं कुलूप त्यांनी मागाहून उधन्याच्या एका दुकानात स्वस्तात बसवून घेतलं होतं. त्या दुकानदाराने अर्ध्या सुरतेला एकाच जातीचा माल विकला असावा, कारण दाजींनी बटण दाबलं की त्यांची गाडी तर बोलायचीच, पण शेजारपाजारच्या एकदोन गाड्याही 'टुक' करून डोळे मिचकावायच्या. किल्ली तर झिजून इतकी गुळगुळीत झाली होती की तिला कोणत्याही गाडीत फिरायला संकोच वाटत नसे. दुसऱ्या कोणीही कुलूप बदललं असतं. दाजी मला म्हणाले, "मास्तर, आपण एक हाक मारतो आणि चौघं ओ देतात. याला काय वाईट म्हणायचं?" निदान नंबर तरी बघत जा, असं मी सुचवलं. त्यावर त्यांनी माझी कीव केली. "नंबर पोलिसांनी वाचायचा असतो. आपण गाडीचं तोंड बघायचं." आणि सगळ्या पांढऱ्या गाड्यांची तोंडं त्यांना एकाच आईची लेकरं दिसत.

तरुणपणी ते यंत्रमागावर होते. कान अधू झाले तेव्हा माग सोडला आणि मार्केटमधून साड्या आणून गोडादऱ्यातल्या बायकांना लेस लावायला द्यायचं काम धरलं. एकदा लग्नसराईत गुलाबी साड्यांचे गठ्ठे त्यांनी चुकीच्या गाडीत भरले आणि चहा प्यायला गेले. ती गाडी बमरोलीला पोचली. एवढ्या साड्या कोणासाठी, असं त्या मालकाला त्याच्या बायकोने विचारलं, आणि शपथेवर सांगूनही तिचं समाधान होईना. शेवटी दाजींनाच जाऊन साक्ष द्यावी लागली. परत आले ते त्या बाईचे भाऊ होऊन. पुढे दर राखीला तिचा फोन येई.

गाडीला ते लक्ष्मी म्हणत. दारापाशी चपला काढत, कपाळाला हात लावत, मग चपला उचलून सीटखाली ठेवत आणि अनवाणी चालवत. गाडी दुसऱ्याची आहे हे कळल्यावर घाईने उतरताना चपला हमखास आत राहत. ताई म्हणायची, "तुमच्या चपला गावभर संसार करतात, माझ्याकडे फक्त तुम्ही येता."

पण दाजींची खरी करामत गाडीचा मालक समोर आल्यावर दिसे. ते गडबडत नसत. शेजारची सीट थोपटत आणि आमच्या अहिराणीत म्हणत, "बठा ना भाऊ, कोठे सोडू तुमले?" बसा, कुठे सोडू तुम्हाला. उभी हयात सुरतेत गेली तरी त्यांची अहिराणी तसूभर हलली नव्हती. एका भिडस्त गृहस्थाला हे ऐकून आपलीच चूक झाली असं वाटलं. तो मुकाट्याने बसला, उधना स्टेशनवर उतरला, दाजींचे आभार मानून पुलाच्या पायऱ्या चढला आणि मग धापा टाकत परत आला. ताईने ते ऐकून कपाळ बडवलं. "एक दिवस मार खाल!"

"'बठा' म्हनं का कोनी मारत नही," दाजी म्हणाले. बसा म्हटलं की कोणी मारत नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी दारात एक अनोळखी गुजराती गृहस्थ उभे राहिले. हातात प्लास्टिकची पिशवी. पार्किंगच्या वॉचमनला विचारत विचारत आले होते. तो म्हणे लगेच म्हणाला, ते दुसऱ्याच्या गाडीत बसणारे काका ना? त्यांनी पिशवी ताईच्या पायाशी ठेवली. आत दाजींच्या चपला होत्या.

"बेन, काका मारी गाडीमां हता," ते म्हणाले. काका माझ्या गाडीत होते. आणि मग अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या हिंदीत सांगत गेले. दाजी स्टिअरिंगपाशी घामाने निथळत बसले होते. गृहस्थ ओरडणार, तेवढ्यात दाजी हसले, शेजारची सीट थोपटली, काहीतरी बोलले. यांनी त्यांना बाजूला सरकवलं, बाटलीतलं पाणी पाजलं आणि गाडी काढली. वाटभर दाजींनी त्यांचा हात धरून ठेवला होता. सहारा दरवाजाच्या पुलावर दाजींची पकड सैल पडली.

"मग मी घाबरलो, बेन. पोलीस विचारतील, हा माणूस तुझ्या गाडीत कसा? काय सांगणार? पळालो. झोप नाही तेव्हापासून."

ताईने एवढंच विचारलं, "काय बोलले?"

"समझमां न आव्युं. कोठे... सोडू तुमले? पाणी मागत होते का?"

ताईने पदर तोंडाशी नेला. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. "नाही हो भाऊ," ती म्हणाली, "तुम्हाला विचारत होते. कुठं सोडू म्हणून."



आमच्या खानदेशात सांत्वनाला येण्याला 'दारवर येणं' म्हणतात. दारवर आलेला माणूस जाताना 'येतो' म्हणत नाही, आणि घरच्यांनी त्याला 'या' म्हणायचं नसतं. गृहस्थ उठले, हात जोडले, गल्लीत उतरले. तिथे, आम्ही मार्केटमधून आणून लावलेल्या दाजींच्या गाडीशेजारी त्यांची गाडी उभी होती. दोन्ही पांढऱ्या, धुळीने सारख्याच मळलेल्या. ते खिशात किल्ली चाचपू लागले. तेवढ्यात ताई उठली, खुंटीवरची दाजींची किल्ली काढली आणि दारात उभी राहून तिने बटण दाबलं.

दोन्ही गाड्या 'टुक' करून बोलल्या.