मेंबरांचा डबा

इंग्लंडातल्या एका जमीनदाराच्या घरात अडीचशे वर्षांपूर्वी कोण कुणाशी का भांडलं, हे मेंबरांना तोंडपाठ होतं. आपला मुलगा कुठल्या कंपनीत कामाला जातो, हे मात्र ते दर वेळी मला विचारायचे. सिडनीच्या क्वेकर्स हिल उपनगरात आमची घरं शेजारी-शेजारी. सकाळी कुंपणावर त्यांचं पांढरं डोकं दिसलं की ताजी बातमी ठरलेली. "अगं, आज आमच्या मेंबरांचा पाय पुन्हा सुजलाय. गाऊट! पण पोर्ट वाइन सोडतील तर शपथ." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी गोळी आणायला आत पळाले होते. हे मेंबर म्हणजे तोच इंग्रज जमीनदार, पार्लमेंटाचा मेंबर, आणि तो वारूनच दोनशे वर्षं झाली, हे कळल्यावर आधी राग आला आणि मग हसू. तेव्हापासून गल्लीतली सगळी मराठी घरं आमच्या या शेजाऱ्यांनाच मेंबर म्हणायला लागली. मी तोंडावर 'सर' म्हणायचे.

सर पुण्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर निखिलनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, त्यांना इकडे आणलं. सोबत दोन बॅगा. एकीत कपडे, दुसरीत ते इंग्रज घराणं. त्या घराण्यातला हा मेंबर चाळीस वर्षं पार्लमेंटात बसला आणि एकदाच बोलला, तेही टोलनाक्याविरुद्ध, कारण नाका त्याच्याच शेताच्या वाटेवर होता. "चाळीस वर्षं निवडून आले, म्हणजे लोकप्रिय असणार," मी म्हटलं. "लोकप्रिय कसले! मत उघड द्यायचं, आणि मत देणारी कुळं ह्यांचीच. निवडणुकीच्या दिवशी बैल भाजायचे आणि बिअरची पिंपं फोडायची. तुला वाटतं आपणच शोधून काढलं हे सगळं?" असं म्हणून ते खूश होऊन हसायचे.

या माणसाचं चरित्र ते मराठीत लिहीत होते. "कोण वाचणार हो सर हे?" मी एकदा फटकन बोलून गेले. त्यावर शांतपणे म्हणाले, "तू टाइप करतेस म्हणजे तुला वाचावंच लागतं. एक वाचक झाला." शुक्रवारी मी घरून काम करते. दुपारी ते कागद घेऊन यायचे, मी टाइप करायचे, आणि चहा गार व्हायचा.

त्यांची लिहायची पद्धत आपल्या कुळवृत्तांतासारखी होती. कुळवृत्तांत म्हणजे घराण्याची छापील वंशावळ, तुमच्याही घरी कपाटात वर कुठेतरी असेल. आधी मूळ पुरुष, मग पिढ्या, मग शाखा. मेंबरांचा थोरला मुलगा जुगारी, धाकटा लष्करात. दोघांची पाच-पाच पानं. मधल्या मुलीचं मात्र एकच वाक्य होतं : एका पाद्र्याला दिली, अपत्य नाही. मी विचारलं, "हिचं पुढे काय झालं?" सर म्हणाले, "दिली की रेघ संपली. पुढची शाखा आपली नसते." इतिहासाचा एवढा मोठा प्राध्यापक, पण हे त्यांनी असं सांगितलं की जणू पाणी उतारानं वाहतं.

त्यांची स्वतःची मुलगी मधुरा वॉलॉंगॉंगला युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकवते. महिन्यातून एका रविवारी ते तिला भेटायला ट्रेननं जायचे आणि त्याच संध्याकाळी परत यायचे. जाताना डबा माझा. निखिल आणि त्याची बायको शनिवार-रविवारी मुलांच्या क्लासमागे पळत असत, म्हणून मीच एकदा करून दिला आणि मग तसा शिरस्ता पडला. बरेच महिने मला वाटायचं, प्रवास लांबचा, वाटेत भूक लागत असेल.

एकदा माझंही तिकडे काम होतं म्हणून मी बरोबर गेले. वॉलॉंगॉंगला उतरल्यावर सर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले, डबा उघडला, शेवटच्या घासापर्यंत संपवला आणि नळावर धुतला. मग मधुराला फोन केला, "ये न्यायला." तिच्या घरी टेबलावर चार पानं मांडलेली, वरणाला नुकतीच फोडणी बसलेली. सर म्हणाले, "माझं पोट भरलंय गं." मधुरा हसली. "आय नो, बाबा. नो वरीज." आणि तिनं एक ताट उचलून कपाटात ठेवलं. कपाटाचं दार तिनं फार हळू लावलं.

परतताना मला राहवलं नाही. तेव्हा कळलं. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, ही जुनी चाल. "माझा काडीचा विश्वास नाही," सर खिडकीबाहेर समुद्राकडे बघत म्हणाले. "पण आमच्या हिनं, मधुराच्या आईनं, पाळलं. नातवंड होईल, मग जेवेन, म्हणत गेली बिचारी. आता मी जेवलो, तर तिची आशा मीच मोडली असं होईल." मी म्हटलं, "सर, मधुरा सत्तेचाळीस वर्षांची आहे. दर महिन्याला तिला तेच आठवण करून देता तुम्ही." त्यांनी मांडीवरचा रिकामा डबा पिशवीत नीट सरळ करून ठेवला.

मग मेंबरांचं एक पत्र हाती आलं. इंग्लंडातल्या एका दप्तरखान्यानं सरांना काही कागद स्कॅन करून पाठवले, ते माझ्याच ईमेलवर आले. मेंबरांची पार्लमेंटातली जागा गेली, थोरल्यानं घर विकलं, धाकट्यानं उत्तरच दिलं नाही, आणि म्हातारा शेवटची तीन वर्षं पाद्र्याच्या घरी, त्या निपुत्रिक मुलीकडे राहिला. एका मित्राला त्यानं तिच्या हातच्या मटणाच्या रश्श्याचं चार ओळी कौतुक लिहिलं होतं. सरांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मेंबर मुलीकडे जेवत होते. माझ्या पुस्तकात हे नाहीच." त्याच संध्याकाळी त्यांनी मधुराला फोन केला. "या रविवारी मी जेवायलाच येतोय."

रविवारी सकाळी ते कुंपणाशी आले. नवा शर्ट, दाढी गुळगुळीत. "आज डबा नको!" एखादं पोर शाळेला दांडी मारताना सांगतं, तसे बोलले. मी हात हलवला आणि आत आले. पाच मिनिटांत बेल वाजली. दारात सर, मान खाली. "दे बरं काहीतरी. हाताशी असू दे."

मी नाही म्हणायला हवं होतं. दार लावून घ्यायला हवं होतं, भांडायला हवं होतं. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, असं माझा नवराच म्हणतो. पण त्यांचा चेहरा बघवेना. मी दोन पोळ्या आणि भाजी बांधून दिली, आणि त्यांनी ती त्याच बाकावर बसून खाल्ली. मधुरानं त्या दिवशी सकाळी सहापासून स्वयंपाक केला होता, हे मला नंतर समजलं. पुढचे तीन महिने ते "पुढच्या वेळी नक्की" म्हणत राहिले आणि मी डबे देत राहिले.

चौथ्या महिन्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळणंही गेलं. हॉस्पिटलमधून मधुरा त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. निखिलला तिनं विचारलंसुद्धा नाही. मी भेटायला गेले, तेव्हा ती औषधाच्या दुकानातलं दुधासारखं पातळ अन्न त्यांच्या पोटात नळीनं सोडत होती. "घरचं काही चालत नाही," ती म्हणाली. "ठसका लागेल म्हणतात." स्वयंपाकघरातून तिच्या नवऱ्यानं केलेल्या आमटीचा वास येत होता. सरांनी त्या दिशेला मान वळवली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मधुरा ते पुसत होती. मला तिथं उभं राहवेना. सहा आठवड्यांनी ते गेले.

पुस्तक अर्धंच राहिलं. फाइल माझ्याकडे आहे, उघडायचा धीर होत नाही.

तेराव्याच्या दोन दिवस आधी मधुराचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "एक विचारू? नैवेद्याला बाबांच्या आवडीचं करायचंय. आई होती तेव्हाचं मला माहितीये, पण तेव्हा त्यांना दात होते, शुगर नव्हती. आत्ता आत्ता काय आवडायचं त्यांना? तुला माहिती असेल ना."

मला माहीत होतं. दुधी, मुगाची डाळ घालून, अगदी मऊ. मिरची नाही, आल्याचा कीस. पोळी पातळ, तूप लावून चौपदरी घडी. लिंबाचं गोड लोणचं, पण फोड नको, नुसता खार. मी सांगत गेले. भराभरा, न थांबता.

"थांब, हळू," मधुरा म्हणाली. "लिहून घेतेय मी."