मामांचा डावा हात

माझ्या बायकोच्या मामांचा डावा हात पुरता पाहिलेला माणूस अख्ख्या खासबागेत सापडायचा नाही. तो कायम पँटच्या खिशात असतो. मामा जुने व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्या सेटात तीन-चारशे व्होल्ट खेळतात, आणि सेट बंद केला तरी कंडेन्सर ते पोटात दाबून बसतात. दोन्ही हात आत घातले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जातो, म्हणून एक हात खिशात. इथवर ठीक. पण मामा जेवताना, देवाला जाताना, फोटो काढतानाही तो बाहेर काढत नाहीत. लेकीच्या कन्यादानाला भटजी दोनदा "दोन्ही हात" म्हणाले, तेव्हा मामांनी आधी मांडवातल्या वायरी न्याहाळल्या आणि मगच हात दिला.

दुसरी गोष्ट बल्बाची. आलेला सेट ते थेट प्लगात घालत नाहीत, मधे शंभराचा साधा बल्ब जोडतात. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट, करंट आडवाटेने पळतोय. पेटलाच नाही तर ओपन, वाटच कुठेतरी तुटलीय. क्षणभर पेटून मंद झाला तर सेट शहाणा. गेल्या वर्षभरात मात्र त्यांनी नवीच खोड काढली होती. चहाला येईल त्याला समोर बसवायचं आणि विचारायचं, "कसा हाय बलब?" पोस्टमन, शेजारीण, मी, कुणी सुटलं नाही. म्हातारपणी शिकवायची हौस आली, असं आम्ही हसून म्हणायचो.

गेल्या महिन्यात उचगावच्या भजनी मंडळाचा सेट आला. बल्ब पेटेना. मामांनी फ्यूज बदलला, स्विच बदलला, ट्रान्सफॉर्मर सोडवून तपासला. दोन दिवस झाले तरी ओपन हटेना. रविवारी मी गेलो आणि नेहमीसारखा बल्बासमोर बसलो.

"मामा, बल्बच गेलाय की! आतली तार तुटून लोंबतीय."

मामा वाकले. काचेला नाक टेकलं तरी त्यांना ती तार सापडेना. रेझिस्टरवरचे रंगांचे पट्टे हाच माणूस खोलीच्या दारातून वाचायचा.

"कधीपासून, मामा?"

"वरीस झालं. डोळ्याचा पडदा गेलाय, आपरेशनचा उपेग न्हाय म्हनतोय डाक्टर. घरात बोलू नका, जावईबापू. ह्ये टेबल उचलतील बघा."

टेबल गेलं तर मामांकडे उरणार काय? आणि न बोलावं, तर धड दिसत नसताना हा माणूस चारशे व्होल्टांत हात घालणार! मला त्यांचा रागही आला.

"बोलत नाही," मी म्हणालो, "पण सेट रविवारीच उघडायचा. मी असताना."

मामांनी चाचपून जुना बल्ब काढला आणि माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "नवीन बलब आना."

आणला. लावला. क्षणभर पेटला.

"कसा हाय?"

"मंद झाला, मामा."

"लई झाक!"

आतून मामींनी चहाला हाक मारली. कामाच्या खोलीतून घरात जायला एक पायरी आहे. तिथे मामा थांबले, डावा हात खिशातून काढला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.