विजूचं ‘फावत नाही’

मेथी निवडत बसले होते, तेव्हा गोरव्यातल्या दुकानातून फोन आला. माझा धाकटा दीर विजू त्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला घेऊन गेला होता. दुकानवाला म्हणाला, “भाभी, विजयभाई बेठा छे, पण बोलता नथी.” बसलेत, पण बोलत नाहीत... मला वाटलं, काम मनासारखं झालं नसेल, रुसला असेल. तशी सवयच होती त्याची. आम्ही पोचलो तेव्हा स्टुलावर भिंतीला टेकून तसाच होता. त्याला जाऊन महिना उलटून गेला, पण ते वाक्य काही कानातून जात नाही.

तुम्हाला विजू कुठून ठाऊक असणार म्हणा! बडोद्यात एकेकाळी चार पोरांचा रॉक बँड होता, त्यातला हा गाणारा. लांब केस, भर उन्हाळ्यात काळं जाकीट. कॉलेजातली पोरं वेडी व्हायची. बँडला मुंबईच्या हॉटेलात कायमचं काम मिळालं आणि नेमका तेव्हाच हा बाहेर पडला. का, तर मला माझी स्वतःची गाणी म्हणायचीत, मराठीत. सासूबाई म्हणाल्या, बँड सोडलास ते सोडलास, आता केस तरी काप. केस नाही कापले त्यानं.

मग सुरू झालं ते ओझं वाहणं. रिक्षात अ‍ॅम्प्लिफायर, मांडीवर गिटार, आणि कुठल्या कुठल्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या. पहिल्या रांगेत आम्ही घरचेच. नवरात्रात गरब्याच्या स्टेजवर दुसऱ्यांची गाणी वाजवायचा, त्यावर वर्ष कसंबसं निघायचं. दसऱ्याला घसा बसलेला, बोटं सुजलेली. कोमट पाण्यात मीठ घालून मी पातेलं पुढे सरकवायची. दमलास का रे, म्हटलं की म्हणायचा, “वहिनी, दमायला आधी कुठे पोचायला तर पाहिजे.”

एक गाणं मात्र पोचलं असतं. ‘तुझ्याविना मला फावत नाही’. आम्हा बडोदेकरांचं हे फावणं गुजरातीतून घरात कधी शिरलं कोण जाणे. फावतं म्हणजे मानवतं, बरं वाटतं. पुण्याच्या एका कंपनीला चाल फार आवडली, त्याचा पहिला अल्बम काढायचं ठरत आलं. तिथले साहेब अगदी गोड बोलून म्हणाले, की आमच्याकडे फावणं म्हणजे डाव साधणं. तू नसलीस की मला डाव साधता येत नाही, असं ऐकू येईल, लोक हसतील. तेवढं ‘करमत नाही’ करा. मात्रासुद्धा तेवढ्याच आहेत.

घरात रणच माजलं. आमचे हे रेल्वेत होते, मराठीच्या बाबतीत भारी काटेकोर. कुणी ‘फावतं’ म्हटलं की हातातला घास थांबवून दुरुस्त करायचे. ह्यांनी समजावलं, रागावले, शेवटी धाकट्या भावापुढे हात जोडले, की एका शब्दापायी आयुष्य घालवू नकोस. विजूनं आठवडाभर खोलीत बसून ‘करमत’ म्हणून पाहिलं. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. त्या शब्दाशी आला की थांबायचा... पुन्हा पहिल्यापासून. मग एक दिवस बाहेर आला.

“दादा, करमत नाही असं मी जन्मात कुणाला म्हटलेलं नाही. तोंडात खोटं वाटतं.”

अल्बम राहिला तो राहिलाच. हे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पुढे बोलायला लागले, तरी ती गोष्ट पुन्हा निघाली नाही. मधली वर्षं कशी गेली ते काय सांगू... तेच हॉल, त्याच खुर्च्या. गेल्या हिवाळ्यात निजामपुऱ्यात गायला, आवाज पार फाटलेला. ‘फावत नाही’च्या ओळीशी खोकल्याची उबळ आली, तर समोरच्या माणसांनीच ती पुरी केली. कुणी हसलं नाही. बडोद्याचीच माणसं ती, हसतील कशाला? ह्यांनी मात्र त्या दिवशी गुडघ्याचं निमित्त सांगितलं होतं.

विजूच्या खोलीत वायरी अजून तशाच पसरल्या आहेत. आवरायला बळ नाही. परवा जेवायला हाका मारल्या तरी हे येईनात, म्हणून बघायला गेले. गिटारची पेटी मांडीवर घेऊन त्याच्या पलंगावर बसलेले. म्हटलं, इथे अंधार, केवढं कोंदट, बाहेर पंख्याखाली तरी बसा.

वर न बघता म्हणाले, “राहू दे. इथंच फावतंय मला.”

मी दार लोटलं आणि वरण पुन्हा गॅसवर ठेवलं.