खोटा ठरलेला पाऊस

घाटमाथ्यावर, आहुप्याच्या अलीकडे, कड्याच्या तोंडाशी आमचं गाव. गावात सरकारी पर्जन्यमापक होतं आणि ते बघायचं काम माझ्या सासऱ्यांकडे होतं. मी त्यांना मामंजी म्हणायचे. रोज सकाळी साडेआठला नळकांड्यातली बाटली काढायची, काचेच्या मापात पाणी ओतायचं, माप डोळ्यासमोर धरून रेघ वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा. पुढे मामंजींना मोतीबिंदू झाला. मी सातवी शिकलेली. मग रेघ मी वाचायची, आकडा मी लिहायचा आणि खाली सही त्यांनी करायची, असं सुरू झालं. त्यात काही चुकीचं आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, भात कापून खाचरातच वाळत घातलं होतं. समुद्रात वादळ उठलंय, पण ते आपल्याकडे न येता वर गुजरातेकडे जाईल, असं रेडिओवर सांगितलं. म्हणून कुणी घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. कोकणाच्या अंगानं ढग कड्याच्या पोटातून धुरासारखे वर चढले आणि जो पाऊस लागला, तो दोन दिवस थांबला नाही. सकाळी बघते तर बाटली भरून पाणी बाहेरच्या डब्यात सांडलेलं. डोक्यावर घोंगडी घेऊन मी मापामागून माप ओतत होते आणि मामंजी बोटांवर मोजत होते. एक माप इकडंतिकडं झालं नाही. खाचरातलं भात मात्र पाण्यात तरंगलं, आणि चौथ्या दिवशी लोंब्यांना हिरवे मोड आले.

महिनाअखेरीला वही घेऊन आम्ही दोघं तालुक्याला गेलो. तिथल्या कारकुनानं आकडा पाहिला आणि हसला. त्या दोन दिवसांत खाली तालुक्याला छत्रीसुद्धा उघडावी लागली नव्हती, मग वर आषाढासारखा पाऊस कुठून पडला, असं त्यानं विचारलं. मी सांगायला लागले, तर त्यानं मला गप्प केलं आणि वही मामंजींपुढे सरकवली.

"हा आकडा वाचून दाखवा, बाबा."

मामंजींनी वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. त्यांना वाचता आलं नाही.

"आंधळा माणूस पाऊस मोजतोय," तो बाकीच्यांकडे वळून म्हणाला. कचेरीतले लोक हसले. त्यानं आमचा आकडा खोडला आणि स्वतःच्या मनानं एक लहान आकडा लिहिला. कागदावर पाऊसच नव्हता, म्हणून आमच्याकडे नुकसान बघायला कुणी आलं नाही. पंचनामा झाला नाही. गावातले लोक म्हणायला लागले की म्हाताऱ्यानं काहीतरी भलतंच लिहिलं आणि गाव बुडवलं.

मामंजींनी त्यानंतर मापाला हात लावला नाही. अंगणात बसायचे, पण पर्जन्यमापकाकडे पाठ करून. दोन वर्षांत गेले. ते काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून माझ्या नावावर झालं. मी ते घेतलं ते एवढ्याचसाठी, की आज ना उद्या त्या कारकुनाला माझ्या अंगणात उभं करायचं होतं. जुन्या वहीतलं ते पान, खोडलेल्या आकड्यासकट, मी कागदावर उतरवून ट्रंकेत ठेवलं होतं.

माझा भाऊ खोडदला, त्या मोठ्या दुर्बिणींच्या आवारात राखणदार होता. एकदा त्याच्याकडे गेले असताना तिथल्या एका शिकलेल्या साहेबांना मी विचारलं, वादळ समुद्रात आणि पाऊस आमच्या कड्यावर, असं होतं का? त्यांनी एक हात आडवा आणि एक उभा धरून दाखवलं. वादळ लांबून गेलं तरी त्याचा वारा समुद्रावरची ओली हवा ओढून आणतो. डोंगर आडवा आला की तिला वर चढावं लागतं, वर जाऊन ती गार होते आणि सगळं पाणी तिथंच टाकते. डोंगराच्या मागं उतरेपर्यंत तिच्यात काही उरत नाही. कड्यावर धो धो आणि तालुक्याला कोरडं, हे होणारच, ते म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. पण एवढी साधी गोष्ट त्या कारकुनाला कुणालाही विचारता आली असती, हे कळल्यावर माझा राग दुप्पट झाला.

पुढच्या दशकात, भात कापणीला आलं असताना, पुन्हा तसंच वादळ उठलं. पहिल्या सकाळचा आकडा मी तालुक्याला फोनवर कळवला. तोच कारकून आता तिथं मोठ्या खुर्चीवर होता. त्याला आकडा पटला नाही, म्हणून दुपारी जीप घेऊन स्वतः वर आला. तो गावात पोचला आणि मागं रस्त्यावर दरड आली. गावात त्याला आमच्याच घरी उतरवलं.

दुसऱ्या सकाळी साडेआठला मी त्याला अंगणात नेलं. पाऊस उभा कोसळत होता. आजूबाजूची माणसं पडवीत गोळा झाली होती. मी माप त्याच्या हातात दिलं.

"वता साहेब. मी आज हात लावणार न्हाई."

तो ओतत गेला. मी त्याला प्रत्येक माप मोठ्यानं मोजायला लावलं. मधे तो गारठून घोंगडीकडे बघायला लागला. मी घोंगडी दिली नाही. आकडा त्याच्या हातानं लिहून झाला, सही झाली, तेव्हा कुठं त्याला पडवीत येऊ दिलं. मग ट्रंकेतला कागद काढून समोर ठेवला. त्यानं तो आकडा ओळखला.

"चूक झाली, बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"ते ऐकायला मामंजी न्हाईत. ह्यो आकडा खरा व्हता, एवढं लिवा."

त्यानं लिहिलं. कुठल्याही दप्तरात त्या कागदाला किंमत नव्हती, मला माहीत होतं. पण लिहिताना त्याची मान खाली होती आणि सगळा गाव बघत होता. ते बघताना मला जे सुख झालं, तसं आधी कधी झालं नव्हतं.

या खेपेला पंचनामे झाले. साहेब डोळ्यांनी बघून गेला होता ना.

सासूबाईंना मात्र माझं वागणं आवडलं नाही. त्यानं लिहून संपवताच त्यांनी उठून चुलीवर नाचणीची गरम पेज केली, साहेबापुढे वाटी ठेवली, मामंजींची शाल त्याच्या अंगावर घातली. मला म्हणाल्या, "दारी आलेल्या मानसाला असं गारठवत्यात व्हय?" दरड मोकळी होऊन तो गेल्यावर त्या तेच पुन्हा म्हणाल्या. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.