कडुलिंबापलीकडचा कातळ

जमीन कधी खोटं बोलत नाही. पुण्याच्या कॉलेजात भूशास्त्राच्या पहिल्याच तासाला आमच्या प्राध्यापकांनी हे वाक्य असं उच्चारलं होतं की मागच्या बाकावरची मुलंही सरळ बसली. पुढं स्वतःच्या अंगणात विहीर काढायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नारळ घेऊन पाणाड्याला बोलावलं.

त्या वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्रानं आणि मी सरकारी भूवैज्ञानिकाच्या एकाच जागेसाठी मुलाखत दिली. तो साहेब झाला. मी भोरला शाळामास्तर झालो. गुणांनी मी त्याच्या पुढं होतो, हे मी बायकोला लग्नाच्या पंगतीतच सांगितलं होतं, असं ती म्हणते. मला आठवत नाही, पण मी सांगितलं असेन.

भोरमध्ये मात्र दगडांच्या बाबतीत दुसरा कुणी नव्हता. भोंगवलीहूनसुद्धा माणसं एसटीत मांडीवर दगड घेऊन माझ्याकडे यायची. मी तो जिभेला लावून बघायचो. त्याची गरज नसते, पण परिणाम होतो.

गावाबाहेर संस्थानच्या काळातली दगडाची खाण होती. दगड काढून झाल्यावर ती कचऱ्यानं बुजवली: चुलीतली राख, फुटकी कौलं, बांगड्यांच्या काचा, बैलगाड्या भरभरून. वर गवत आलं आणि खाणीची कड नेमकी कुठं होती ते गाव विसरून गेलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या मैदानावर प्रसूतिगृह बांधायचं ठरलं. भिंती राखेवर उभ्या राहू नयेत म्हणून नगराध्यक्षांनी मला विचारलं. मी एक फेरी मारली आणि सांगितलं, "कडुलिंबापर्यंत कचरा. पलीकडे पक्का कातळ." पलीकडे गवतातून काळा कातळ डोकं काढून बसलेला दिसत होता. त्याच्यावर उभं राहूनच मी हे सांगितलं.

पंधरवड्यानं नगराध्यक्ष शाळेत आले. "सर, तुमचं खरंच असंल. पण पुण्याचं एक सायेब यंत्र घेऊन येत्यात. जिमिनीत वीज सोडून सांगत्यात खाली काय हाय ते. यंत्र ते यंत्र." साहेब कोण, हे मी विचारलं नाही. सगळ्या पुणे जिल्ह्यात असा एकच साहेब असू शकत होता.

तो जीपमधून उतरला आणि सगळ्यांदेखत मला मिठी मारली. "अरे, हा आमच्या वर्गातला हुशार! याच्याच जर्नलवर मी पास झालो." हे खरं होतं. त्यामुळे जास्तच राग आला. तो उद्धट असता तर माझी बरीच सोय झाली असती.

मांडव होता, हार होते, नारळ होता. लोखंडाच्या चार कांबी, तारेची दोन रिळं आणि काटा असलेली लाकडी पेटी टेबलावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. कामाला लागेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं. शिपायानं कांबी ओळीनं ठोकल्या आणि बुडाशी मिठाचं पाणी ओतलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मीठ कशाला वो?"

"जिमिनीला सलाईन देत्यात, गप बस."

सगळे हसले. मित्रही हसला आणि त्यानं विचारणाऱ्याला जवळ बोलावून समजावलं, की बाहेरच्या कांबींतून वीज सोडायची आणि ती जमिनीतून किती अडखळत जाते ते आतल्या कांबींवर मोजायचं. ओल्या राखेतून सरळ पळते, कातळात अडते. मी हेच सातवीच्या वर्गाला शिकवत असे. माझ्या तासाला मान डोलावणारा एकही चेहरा मला आठवत नाही.

दुपारी तो जेवायला घरी आला. बायकोनं त्याच्या भातावर तूप असं सोडलं की मी माझ्या ताटाकडे बघितलं. "भावजी, तुमच्या यंत्राला माणसाच्या मनातलं कळतं का हो?" तो म्हणाला, "त्याला तुमचा नवरा पुरे, वहिनी. न बोलता सगळं दाखवतो." दोघंही हसली.

संध्याकाळी निकाल आला. वीज कुठंच अडखळली नव्हती. कडुलिंबाच्या अलीकडे कचरा, पलीकडे कचरा, माझ्या कातळाच्या भोवतीसुद्धा कचरा.

"म्हंजी समदा उकिरडाच?" नगराध्यक्षांनी विचारलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू तो मीच टाकला होता.

तेव्हा मला आदल्या संध्याकाळचं आठवलं. साहेब येणार म्हणून धूळ बसावी, नुसता धुरळा काय दाखवायचा, म्हणून नगरपालिकेनं सगळ्या मैदानावर टँकरनं सडा घातला होता. मी फिरायला गेलो होतो तेव्हा चपला चिखलात रुतल्या होत्या. सकाळच्या उन्हानं वरचा पापुद्रा वाळला. खाली ओल तशीच. वीज त्या ओलीतूनच पळाली होती.

मी हे चारचौघांत, जरा मोठ्यानंच सांगितलं. उपकाराचा विचार त्यात नव्हता. त्याचं यंत्र सड्यानं फसलं आणि मी फसलो नाही, एवढंच गावाला कळायला हवं होतं.

त्यानं कपाळावर हात मारला. "तू होतास म्हणून वाचलो! मला वाटलं, कचऱ्याचीच ओल आहे." मग नगराध्यक्षांना म्हणाला, "जमीन वाळू द्या, मी परत येतो. तोवर एक थेंब पाणी मारू नका." त्या आठवड्यात मी बाजारातून दोनदा जास्तीचा फेरा मारला. लोक नमस्कार करत होते.

तो परत आला. या वेळी नारळ नव्हता. वाळलेल्या जमिनीत खाणीची कड स्वच्छ उमटली. ती कडुलिंबाच्या बरीच पलीकडे होती, माझ्या कातळाच्याही पलीकडे. "यंत्रावर विसंबू नका, खणून बघा," असं त्यानंच सुचवलं. हा साधेपणाही त्याला शोभून दिसत होता.

कातळाशेजारी खड्डा घेतला. राख निघाली, कौलं निघाली, हिरव्या काचा निघाल्या. खणता खणता पहार कातळाच्या खाली गेली आणि कातळ हलला. खाण बंद करताना कुणीतरी ढकलून दिलेला तो एक सुटा धोंडा होता. राखेत बसलेला.

मित्रानं नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला आजही जड वाटतो.

प्रसूतिगृह त्याच्या रेषेच्या पलीकडे, खऱ्या कातळावर झालं. उद्घाटनाला त्याला शाल आणि श्रीफळ दिलं. मला आभारप्रदर्शन दिलं. कोनशिलेसाठी चांगला दगड लागत होता, म्हणून पाथरवटानं तो धोंडा घडवून घेतला. त्याच्यावर नगराध्यक्षांचं नाव आहे.